स्लो लोकल, फास्ट फूड

ठाकुर्लीला फास्ट लोकल थांबत नाही. हे एक वाक्य लक्षात ठेवलंत की आमचं अर्धं गाव तुम्हाला कळलं. ती डोंबिवलीला थांबते, कल्याणला थांबते आणि मधल्या ठाकुर्लीवरून अशी धडधडत जाते की प्लॅटफॉर्मवरच्या माणसाने आधी ओढणी सावरायची, मग पिशवी. त्यामुळे दोन्हीकडचे लोक आम्हाला जरा चिडवूनच असतात. ‘ठाकुर्ली? म्हणजे डोंबिवलीच ना?’ असं डोंबिवलीकर विचारतो, तर कल्याणकर म्हणतो, ‘अगं, कल्याणच की ते!’ हो बाबा, दोन्ही. महापालिका तरी एकच आहे.

तसा आमचाही एक जमाना होता. १९२०च्या दशकाच्या अखेरीला जीआयपी रेल्वेने पुण्याकडे आणि इगतपुरीकडे विजेवरच्या गाड्या न्यायचं काम हाती घेतलं, तेव्हा त्यासाठी लागणारं वीज केंद्र उभं राहिलं ते इथे, चोळे गावाजवळ. जुनी माणसं अजूनही पत्ता सांगताना ‘पॉवर हाउस’ म्हणतात. ते बंद पडूनही आता जमाना झाला. पण गंमत बघा, एके काळी कोळसा जाळून घाटात गाड्या चढवणारं हे गाव आज रोज सकाळी कॅलरी जाळायला बाहेर पडतं. आणि संध्याकाळी त्या परत भरायला. हे दोन्ही उद्योग एकाच रस्त्यावर चालतात. त्या रस्त्याकडे येतेच मी, पण आधी स्टेशन. कारण माझी गोष्ट स्टेशनबाहेरच्या एका कढईपाशी अडकलीय.

सीएसएमटीहून ठाकुर्ली जवळपास ५० किलोमीटर. सीएसएमटी धरून मोजलंत तर स्लो लोकलचं हे २५वं स्टेशन. सव्वा ते दीड तास सहज जातो. आता कोणी हुशार म्हणेल, फास्टने डोंबिवलीला उतरायचं आणि मागून येणारी स्लो पकडायची. संध्याकाळी डोंबिवलीला स्लोमध्ये शिरून दाखवा, मग बोलू! मी फ्रीलान्सर आहे, म्हणजे आठवड्यातून चार दिवस तरी कुठल्या ना कुठल्या एडिटरच्या दारात. डबा खाल्लेला असतो दुपारी एकला. चार वाजता मशीनची ती रंगीत पाणी कॉफी. ठाकुर्लीला पाय टेकतो तेव्हा आठ-सव्वाआठ झालेले असतात. म्हणजे सात तास. घरी जाऊन कुकर लावायचा, तो होईपर्यंत नऊ.

या सात आणि नऊच्या फटीत कोण बसलंय? वडापाव!

वडापावबद्दल लोक नेहमी ‘स्वस्त आणि मस्त’ असं काहीतरी लिहितात. मला वाटतं त्याचं खरं नातं पैशांशी नाहीच, वेळेशी आहे. दादर स्टेशनबाहेर अशोक वैद्यांनी १९६६ मध्ये वडा पावात घालून विकायला सुरुवात केली, असं मानलं जातं. स्टेशनबाहेर, हे महत्त्वाचं. ताट नको, चमचा नको, बसायला जागा नको. एका हातात पर्स, दुसऱ्या हातात वडापाव आणि डोळे इंडिकेटरवर. आमच्या लाइनवर तर त्याचे तीर्थक्षेत्रच आहेत. ठाण्यात बेसनाच्या पिवळ्या चटणीवाला गजानन, कुंजविहारचा तो भलामोठा वडा आणि आमच्या पुढच्याच स्टेशनला, कल्याणला, वझ्यांचा खिडकी वडा. घराच्या खिडकीतून विकायला सुरुवात झाली म्हणून खिडकी वडा. ठाकुर्लीची गाडी यांच्या यादीत कधीच येणार नाही. पण आठ वाजता ठाकुर्लीला उतरणाऱ्या माणसाला यादी कोणी विचारलीय?

गाडी म्हणजे हातगाडी हो. मामांकडे साधारण दर दहा मिनिटांनी नवा घाणा निघतो. झाऱ्यातून वडे परातीत पडले की त्यांचा एक वेगळाच आवाज येतो. मामा लादीतला पाव तोडतात, आत सुकी लसणाची चटणी, वर वडा, त्यावर मूठभर चुरा आणि मीठ लावलेली तळलेली मिरची. पाव भाजून देत नाहीत. ‘मस्का मारके’ वगैरे मागणाऱ्यांकडे ते असं बघतात की तो माणूस पुन्हा मागत नाही. मामांबद्दल आदर आहे मला.

आणि तिथे आमची गँग. लेडीज डब्यातल्या चौघी. बँकेतल्या काकू, एका लॅबमध्ये काम करणारी ताई, आयटीतली एक पोरगी आणि मी. डब्यात आम्हाला धड बोलता येत नाही, कारण एक फोर्थ सीटवर लटकलेली आणि एक पार दारात. बोलणं सगळं इथे, कढईच्या उजेडात. दहा मिनिटं. कोणाचा बॉस, कोणाची सासू, कोणाचं अप्रेझल, कुठल्या दुकानात सेल. काकूंचं म्हणणं, दिवसभरात ही दहाच मिनिटं अशी असतात की त्या ना ऑफिसच्या असतात, ना घरच्या.

हे सगळं छान चाललेलं असताना माझा रिपोर्ट आला. एचबीए१सी ६.०. ज्यांना हा आकडा माहीत नाही त्यांचं अभिनंदन. रक्तातल्या साखरेची साधारण तीन महिन्यांची सरासरी त्यावरून कळते. ५.७च्या खाली नॉर्मल, ६.५ला डायबिटिस, मध्ये आम्ही. उंची पाच फूट दोन इंच, वजन ६४ किलो, म्हणजे बीएमआय २५.८. मी म्हटलं, डॉक्टर, मी काही जाडी नाही. जीन्स अजून २००च्या स्पीडने चढते! ते हसले नाहीत. म्हणाले, ३० वगैरे आकडे परदेशातले. भारतीयांसाठी २००९ मध्ये डॉक्टरांनी मिळून जे निकष ठरवले त्यात २३च्या पुढे वजन जास्त आणि २५च्या पुढे स्थूल. बायकांची कंबर ८० सेंटिमीटरच्या आत. मी घरी येऊन टेप लावली. आकडा सांगणार नाही.

यातला सगळ्यात भारी पुरावा आपल्या पुण्याचाच आहे. केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन या दोघांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचा फोटो छापला. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के आणि आपल्या याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के! फोटोत दोघंही सडपातळ. आपण बारीक दिसतो आणि आतून जाडे असतो, हे इतक्या सभ्यपणे आणखी कोणी सांगितलं नसेल.

पण मला घाबरवलं ते याज्ञिकांनी नाही. बाबांनी. बाबांना ४२व्या वर्षी शुगर निघाली. रेल्वेतली नोकरी, शिफ्ट, कँटीन, दोन शिफ्टच्या मध्ये भजी नाहीतर वडा. आता सकाळ-संध्याकाळ इन्सुलिन आहे. त्यांच्या डाव्या पायातली चप्पल कधी निसटते ते त्यांना कळत नाही. चालताना दहा पावलं पुढे जातात आणि मी मागून ती उचलून आणते. मी रिपोर्ट दाखवला तेव्हा त्यांनी चष्मा लावून तो दोनदा वाचला, घडी घातली आणि ‘जेवायला वाढ’ म्हणाले. एरवी या माणसाला क्रिकेटच्या स्कोअरवरही अर्धा तास बोलायचं असतं.

तर, वडा बंद.

साधारण आकाराचा एक वडापाव म्हणजे अंदाजे ३०० कॅलरी. वड्याच्या आकारावर आणि मामांच्या चुऱ्याच्या मुठीवर थोडं इकडेतिकडे. माझ्या वजनाच्या बाईने तासभर भरभर चाललं की साधारण सव्वादोनशे ते अडीचशे कॅलरी जळतात. म्हणजे वड्याची किंमत तासाभराहूनही जास्त. आठवड्यातून चार वडे, चार तास. यात पाप-पुण्य आणू नका प्लीज. ‘चीट डे’ हा शब्द मला डोक्यात जातो. चीट कोणाला करतोय आपण? वडा आहे तो, लफडं नाही.

गँगला सांगितलं तर प्रत्येकीकडे आपापले गुरू. २०१८च्या सुमारास घराघरात जो दिवेकर विरुद्ध दीक्षित सामना रंगला होता, तो इथे पुन्हा सुरू झाला. आयटीवाली पोरगी ऋजुता दिवेकरांच्या पार्टीतली. करीनाच्या ‘टशन’च्या वेळची झिरो फिगर आणि २००९चं ते पुस्तक, ‘डोन्ट लूज युअर माइंड, लूज युअर वेट’. भात खा, तूप खा, थोडं थोडं खा. काकू दीक्षितांच्या. डॉ. जगन्नाथ दीक्षितांचं, म्हणजे मूळ डॉ. श्रीकांत जिचकारांचं, म्हणणं असं की दिवसातून दोनदाच जेवा आणि प्रत्येक जेवण ५५ मिनिटांत संपवा, मध्ये काही नाही. काकूंनी यावर तोडगा काढला होता. संध्याकाळचा वडा हा जेवणाची सुरुवात धरायचा आणि ५५ मिनिटांत घरी पोचून, पोळ्या लाटून, जेवून मोकळं व्हायचं. एकदा लिफ्ट बंद पडली, तर जिन्यात घड्याळ बघत धावत होत्या म्हणे. लॅबवाली ताई मात्र कोणाच्याच पार्टीत नाही. ती म्हणाली, ‘तुला भूक लागते म्हणून तू वडा खातेस का, ते आधी बघ.’

म्हणून मी पर्समध्ये फुटाणे ठेवायला लागले. ठाणं गेलं की मूठभर फुटाणे, वर पाणी. मुंब्र्याचा डोंगर दिसेपर्यंत संपवायचे. खरं सांगते, चौथ्या दिवसापासून ठाकुर्लीला उतरताना भूक नसायची. अजिबात नाही. तरी पाय त्या गाडीकडेच वळायचे. पुलावरून उतरलं की लसणीचा वास, घाण्याचा आवाज आणि त्या तिघी. मग मी पहिले दोन आठवडे सरळ रिक्षा स्टँड गाठला. मान खाली, कानात इअरफोन, गाणं बंद. वडा सोडणं सोपं होतं हो. त्या दोन आठवड्यांत आयटीवालीचं लग्न ठरलं आणि ते मला चौथ्या दिवशी कळलं, ते पण व्हॉट्सअॅपच्या फॉरवर्डमधून! डाएटच्या चार्टमध्ये याचा रकाना नसतो.

आता तो रस्ता. ठाकुर्ली पूर्वेचा नव्वद फुटी रस्ता म्हसोबा चौकाच्या भागातून कचोऱ्याकडे, पत्रीपुलाच्या दिशेने जातो. ब्रिटिशांच्या काळातला जुना पत्रीपूल २०१८च्या नोव्हेंबरमध्ये पाडला आणि नवा सुरू झाला २०२१च्या जानेवारीत. मधल्या काळात कल्याण-डोंबिवलीकरांनी काय भोगलं ते विचारू नका. पण या रस्त्याचं खरं काम वाहतुकीचं नाहीच. डोंबिवली-कल्याणच्या गल्ल्यांमध्ये रुंद, सरळ आणि मोकळं असं काही बघायला मिळत नाही, त्यामुळे लोकांनी याचं मैदान करून टाकलंय.

सकाळी साडेपाचला या. (हो, या. लेख वाचून नुसतं ‘छान’ म्हणू नका.) पोलीस भरतीची तयारी करणारी पोरं घामाने निथळत पळत असतात. त्यांच्या मागून ज्येष्ठ नागरिकांचा कट्टा, माकडटोप्या जानेवारीत आणि पांढऱ्या कॅप मे महिन्यात. नवीन लग्न झालेली जोडपी, ती स्पोर्ट्स शूजमध्ये आणि तो घरच्या चपलेत. एक आजी नऊवारीवर कॅनव्हासचे बूट घालून येतात आणि मला रोज मागे टाकतात. कोणी मोबाइलवर हरिपाठ लावलेला, कोणी शेअर मार्केट. पूर्वेला उजाडायला लागलं की कल्याणकडून येणाऱ्या लोकलचा भोंगा ऐकू येतो आणि निम्मे लोक एकदम घड्याळ बघतात. नोकरदार आहेत ना, चालता चालतासुद्धा गाडीच पकडायचीय.

याच रस्त्यावर संध्याकाळी सात वाजता या. तुम्हाला वाटेल रस्ता चुकलो! मोमोज, फ्रँकी, चायनीज, पाणीपुरी, सँडविच, तंदूर, बर्फाचा गोळा. एलईडीच्या माळा, लाल प्लॅस्टिकच्या खुर्च्या. मधूनच पालिकेची गाडी आल्याची आवई उठते आणि अख्खी चौपाटी दोन मिनिटांत गल्लीत शिरते, शेजवानची कढई पेटलेलीच. सकाळी ज्या काकांना मी हात झटकत चालताना बघितलं, तेच नातवाबरोबर गोळा चोखत उभे. आम्ही एकमेकांना ओळख दिली नाही. रस्त्याचा अलिखित नियम आहे तो.

मला विचाराल तर हा दुटप्पीपणा नाही. या भागात संध्याकाळी घराबाहेर बसायचं म्हटलं तर जायचं कुठे? बाग लहान, मॉल लांब आणि कॉफी शॉपमधल्या एका कपात इथे चौघांचं खाणं होतं. आपल्याकडे दोन माणसांना एकत्र थांबायचं असेल तर मध्ये एक प्लेट लागते. प्लेट काढून घेतलीत तर माणसं घरी जातात.

चालण्याबद्दल एक गोष्ट मला उशिरा कळली. अमेरिकेतल्या डायबिटिस प्रिव्हेन्शन प्रोग्रामचे निष्कर्ष २००२ मध्ये आले. ७ टक्के वजन कमी करायचं आणि आठवड्याला १५० मिनिटं व्यायाम हे त्यांचं टार्गेट होतं. त्या गटात डायबिटिस होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी कमी राहिलं. ठीक, अमेरिका. मग तसाच अभ्यास चेन्नईत डॉ. रामचंद्रन यांच्या टीमने केला, तो छापून आला २००६ मध्ये. खाण्यात बदल आणि रोज किमान अर्धा तास चालणं. धोका २८.५ टक्क्यांनी कमी. पण खरी मजा पुढे आहे. त्या लोकांचं वजन फारसं उतरलंच नव्हतं! म्हणजे काटा हलला नाही तरी आत काहीतरी हलत होतं. हे वाचल्यावर मी रोज सकाळी काट्यावर उभं राहणं बंद केलं. आता फक्त रविवारी.

तिसऱ्या आठवड्यात काकूंनीच मला रिक्षाच्या लायनीतून ओढून काढलं. ‘अगं, वडा सोडलास ना? मग आम्हाला कशाला सोडतेस?’ मला काय बोलावं कळेना. गाडीपाशी नेऊन उभं केलं. मामांनी सवयीने पाव तोडला, मी ‘मामा, नको’ म्हटलं. त्यांनी विचारलं, ‘का, ताई? चटणी बिघडली का आपली?’ आता माणसाला एचबीए१सी कसं समजावणार? मी म्हटलं, ‘शुगर आहे मामा, थोडी.’ त्यांनी झारा कढईवर आडवा ठेवला. ‘आमच्या हिलाबी आहे,’ म्हणाले आणि मोठ्या परातीच्या कडेने चार तळलेल्या मिरच्या कागदावर काढून माझ्या हातात दिल्या. मिरचीचे पैसे घेतले नाहीत. तेव्हापासून माझी ऑर्डर ठरलेली आहे. शेजारच्या टपरीवरचा बिनसाखरेचा कटिंग आणि एक मिरची. नाकातोंडातून पाणी येतं. तिघी हसतात.

वास येतो का? येतो. पहिला घास काकूंनी घेतला की मी लोकलकडे बघते. शनिवारी घाणा अगदी आत्ता निघालेला असतो तेव्हा जरा जास्त वेळ बघते.

आता अडीच महिने झालेत. ६४चे ६१.२ झालेत. लॅबवाली ताई रविवारी माझ्याबरोबर रस्त्यावर यायला लागलीय आणि काकू दोनदा येऊन गेल्या, दोन्ही वेळा ५५ मिनिटांत परत. बाबासुद्धा येतात. मागे पट्टा असलेल्या सँडल घेतल्यात त्यांच्यासाठी, निसटत नाहीत. एका विजेच्या खांबापासून तिसऱ्या खांबापर्यंत जातात, तिथे बसतात आणि येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्या ओळखतात. कुठली कसारा, कुठली कर्जत, कुठली किती लेट. नऊवारीवाल्या आजी त्यांना आता नमस्कार करतात. मला नाही करत.

पुढच्या महिन्यात पुन्हा टेस्ट. लॅब कल्याणला आहे, रिपोर्ट संध्याकाळी मिळतो. मी म्हटलं, बाबा, तुम्ही कशाला दगदग करता, मी जाऊन घेऊन येते. तर म्हणाले, ‘नाही नाही, मी येणारच. एकच तर स्टेशन आहे.’ मग थोडं थांबून विचारलं, ‘ती वझ्यांची खिडकी बंद किती वाजता होते गं?’